एंजिनाचा श्वास आणि झडपांचें वेळापत्रक

गेल्या श्रावणांत आमच्या घरची मंडळी सांगलीहून वाईस निघाली. ढोल्या गणपतीचें दर्शन घ्यावें, तेथून पसरणीच्या घाटानें पांचगणीस जावें व दिवेलागणीच्या आंत परतीची वाट धरावी, असा बेत होता. मोटार घरचीच, सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, आणि आजवर जिनें कधीं कुरकूर केली नव्हती अशी. कऱ्हाड मागें पडलें, सातारा मागें पडला, तोंपर्यंत सर्व ठीक होतें. परंतु वाईच्या बाजारांत गर्दीमुळें थांबावें लागलें तेव्हां ती उभ्या जागीं थरथरूं लागली, आणि घाटाचा चढ लागतांच तिचा दम तुटला. पायाखालची कळ कितीही दाबली तरी वेग वाढेना. समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागला. दोन वळणें कशीबशी चढून आम्हीं गाडी कडेस घेतली आणि पांचगणीचा नाद सोडून उतारानें परत वाई गांठली.

पुढें एका दुरुस्तीच्या दुकानांत असें सांगण्यांत आलें कीं, एंजिन सबंध उतरवून उघडावें लागेल. खर्चाचा जो आंकडा उच्चारला गेला तो ऐकून घरांतील वडीलधारी माणसें कांहीं वेळ स्तब्ध झालीं. त्याच सायंकाळीं आमचा एक पुतण्या, जो यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आलेला आहे, घरीं आला. त्यानें सर्व हकीकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "काका, एंजिनांतलें ऑइल शेवटचें केव्हां बदललें होतें?" मोटार चालविणारीं माणसें आमच्या घरांत पांच, परंतु या साध्या प्रश्नाचें उत्तर पांचांपैकीं एकासही देतां आलें नाहीं.

घाटांत दम तुटणें आणि ऑइल न बदलणें यांचा संबंध काय, हें पुतण्यानें त्या रात्रीं आम्हांस समजावून दिलें. तें ऐकतांना ध्यानांत आलें कीं, ही गोष्ट केवळ आमच्या एका मोटारीची नाहीं. आमच्या सातारा-सांगलीच्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वीं जी यंत्रविद्या रुजली, तिचीच ही पुढची पायरी आहे. म्हणून ती वाचकांपुढें मांडीत आहों.

विहिरीवरचें एंजिन

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड हीं दोन नांवें यंत्रविद्येच्या इतिहासांत कायमचीं नोंदलीं गेलीं आहेत. किर्लोस्करवाडीची कथा मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १९१० सालीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं दिलेल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपला कारखाना उभारला. तेथून आधीं नांगर निघाले, पुढें पंप निघाले; आणि १९४६ सालीं त्याच घराण्यानें पुण्याजवळ खडकी येथें तेलाच्या एंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. सातारा रोडची कथा तितकी सांगितली जात नाहीं. तेथें १९२२ सालीं धनजीशा कूपर यांनीं कारखाना घातला. हेच कूपर १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान होते. त्यांच्या कारखान्यांतून नांगर तर निघालेच, पण १९३० नंतरच्या दशकांत डिझेल एंजिनेंही निघूं लागलीं. हिंदुस्थानांत बनलेल्या अगदीं पहिल्या डिझेल एंजिनांत त्यांची गणना होते. १९४० सालीं हा कारखाना शेठ वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. त्या काळीं हे दोन जिल्हे वेगळे नव्हतेच. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें.

कृष्णेच्या, कोयनेच्या आणि येरळेच्या कांठीं मोटेची जागा या एंजिनांनीं घेतली. आमच्या वयाच्या माणसांस त्यांचा तो संथ ठोका अजून ऐकूं येतो. पहांटे वाऱ्यावरून आवाज आला कीं, कोणाच्या मळ्यांत पाणी चालूं झालें हें अंथरुणांत पडल्यापडल्या कळत असे. आतां बहुतेक ठिकाणीं विजेच्या पंपांनीं तीं एंजिनें निवृत्त केलीं आहेत. तरी एंजिनाचा श्वास समजून घ्यावयाचा तर आरंभ तेथूनच केला पाहिजे.

या एंजिनाचें पोट म्हणजे देवघरांतल्या पंचपात्रीसारखें एक सरळ नळकांडें; त्यास सिलिंडर म्हणतात. त्यांत एक दट्ट्या खालींवर होतो. जर्मनींत निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें जें चक्र सिद्ध केलें, तेंच थोड्याफार फरकानें आजतागायत चालूं आहे. पहिल्या टप्प्यांत दट्ट्या खालीं उतरतो आणि हवा आंत ओढली जाते. दुसऱ्यांत तो वर येऊन ती दाबतो. तिसऱ्यांत इंधन पेटून दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. चौथ्यांत तो पुन्हां वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. या चार टप्प्यांपैकीं काम करणारा एकच. बाकीचे तीन त्याची तयारी आणि आवराआवर करणारे.

हवेची येण्याची वाट एक, धुराची जाण्याची वाट दुसरी, आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशीं झडपा. झडप उघडण्याचें काम कॅम करतो. कॅम म्हणजे एका बाजूस फुगवटा ठेवलेली पोलादी चकती. फुगवटा झडपेशीं आला कीं झडप उघडते, तो सरकला कीं स्प्रिंगच्या जोरानें ती मिटते. चार टप्प्यांत मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात व प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते; म्हणून कॅम ज्यावर बसविलेले असतात तो दांडा मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीनें फिरतो. दोघांस जोडणारीं चाकें अथवा सांखळी एकदां बसविली कीं झडपांचें वेळापत्रक कायमचें ठरलें.

विहिरीवरच्या एंजिनास असें कायमचें वेळापत्रक पुरेसें होतें. जुन्या धाटणीच्या संथ एंजिनाचे मिनिटास सुमारें ६५० फेरे होत. पुढें आलेल्या लहान एंजिनांचे १,५००. परंतु फेरे कितीही असोत, ते बदलत नसत. गव्हर्नर नांवाची योजना त्यांस एकाच गतीवर धरून ठेवी. पाण्याची उंची तीच, पंप तोच, काम तेंच. ज्याचा दिनक्रम बदलत नाहीं त्यास वेळापत्रक बदलण्याची गरज ती काय? फक्त एका प्रसंगीं या नियमास अपवाद करावा लागे. एंजिन हातानें चालूं करतांना दाबलेली हवा हँडल फिरूं देत नसे. म्हणून एका खटक्यानें धुराची झडप उघडी धरून ठेवीत. जड चाकानें गति घेतली कीं खटका सोडीत, आणि पहिला ठोका पडे. झडपेची वेळ माणसानें प्रसंग पाहून बदलावी, ही कल्पना आमच्या शेतकऱ्यांच्या हातांत अशी फार पूर्वींपासून होती.

पाट, पंगत आणि झडप

आतां एका नाजूक मुद्द्याकडे वळूं. दट्ट्या वरच्या टोंकास असतांना हवेची झडप उघडावी आणि तो तळाशीं पोंचतांच मिटावी, असें कोणासही वाटेल. परंतु हवेस वजन आहे. ती चालूं लागण्यास वेळ घेते आणि चालूं लागल्यावर थांबण्यासही वेळ घेते.

उसाच्या फडांत रात्रीं दारें धरणारा गडी हें शास्त्र न शिकतां जाणतो. पाटाचें पाणी जोरांत असेल तर वाफा भरत आला तरी तें आपल्याच वेगानें आंत घुसत राहतें. म्हणून वाफ्याचें तोंड तो जरा उशिरां बांधतो. पाणी मंद असेल आणि तोंड तसेंच उघडें राहिलें, तर भरलेल्या वाफ्यांतलें पाणी उलट पाटांत येऊं लागतें. एंजिनांतही नेमकें तेंच घडतें. फेरे जलद असतील तेव्हां हवेचा लोट असा काहीं वेग घेतो कीं, दट्ट्या तळ गांठून वर वळला तरी हवा आंत येतच असते. त्या वेळीं झडप उशिरां मिटावी हें हिताचें. फेरे मंद असतील तर तीच उशिरां मिटणारी झडप आंत आलेली हवा परत जाऊं देते, आणि एंजिनाचा श्वास अर्धा राहतो.

दुसरी गोष्ट दोन्ही झडपा एकाच वेळीं थोड्या थोड्या उघड्या असण्याची. धुराची झडप मिटण्याच्या आधींच हवेची झडप उघडूं लागते, आणि तेवढ्या अवधींत एंजिनाच्या पोटास दोन दारें उघडीं असतात. हें ऐकून आमच्या थोरल्या काकू, ज्या आतांपर्यंत वाती वळीत स्वस्थ ऐकत होत्या, एकदम म्हणाल्या, "अरे, म्हणजे लग्नघरच्या पंगतीच कीं या!"

काकूंनीं दिलेला दाखला आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकांतल्या आकृतीपेक्षां अधिक उपयोगी पडला. रोजच्या दहा पानांच्या घरीं पहिली पंगत उठते, उष्टीं निघतात, जागा पुसली जाते, आणि मग दुसऱ्या पंगतीस हांक जाते. घाई नसते. परंतु लग्नघरीं पांचशें पानें उठावयाचीं असलीं म्हणजे हा क्रम चालत नाहीं. पहिली पंगत उत्तरापोशन घेण्याच्या बेतांत असतांनाच दुसरीस दाराशीं आणून उभी करावी लागते. इकडून मंडळी उठून मागील दारीं हात धुण्यास जाते आणि तिच्या मागोमाग पुढील दारानें नवी मंडळी आंत येते. हीच पद्धत रोजच्या दहा पानांस लावली तर? जेवणारे सावकाश ताकभात कालवीत आहेत आणि नवे येऊन दारांत उभे. दोघांचीही अडचण, आणि उष्ट्याखरकट्यांत नव्यांचीं पानें.

जलद फेऱ्यांच्या वेळीं बाहेर धांवणारा धूर आपल्यामागें पोकळी ठेवतो व ती नव्या हवेस आंत ओढते. तेव्हां दोन्ही झडपांची भेट जितकी दीर्घ तितकी चांगली. परंतु मोटार उभी असून एंजिन मंद चालत असतां तीच दीर्घ भेट घातक होते. धूर बाहेर जाण्याऐवजीं हवेच्या वाटेनें मागें शिरतो, नव्या हवेंत मिसळतो, पेटणें अनियमित होतें आणि एंजिन थरथरूं लागतें. वाईच्या बाजारांत आमची मोटार थरथरली ती अशा गोंधळापायीं.

एकाच मोटारीचे अनेक स्वभाव

विहिरीवरच्या एंजिनाची गति ठरलेली. मोटारीच्या एंजिनाची कधींच ठरलेली नसते. सांगलीच्या गणपति पेठेंत गर्दीमुळें ती उभी असते तेव्हां मिनिटास सातशें-आठशें फेरे होत असतात. पेठ नाक्यावरून महामार्गास लागली म्हणजे दोन-अडीच हजार. खंबाटकीच्या चढावर भरलेल्या गाडीनें ट्रकास मागें टाकावयाचें असेल तर चार हजार, आणि प्रसंगीं सहा हजार. हिशोब करून पाहावा. ७५० फेऱ्यांस हवा ओढण्याचा एक टप्पा सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत आटोपतो. ६,००० फेऱ्यांस तोच टप्पा सेकंदाच्या दोनशेंव्या भागांत उरकावा लागतो. एका वेळेपेक्षां दुसरी आठ पटींनीं तोकडी, आणि झडपेचें वेळापत्रक मात्र एकच!

जुन्या मोटारींनीं या अडचणींतून तडजोड काढली होती. वर ज्यांचें नांव आलें त्या वालचंद शेठजींनीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट घ्या, अथवा कलकत्त्याची अँबॅसडर घ्या. दोहोंच्याही एंजिनांत झडपांची वेळ कायमची ठरलेली होती. ती मधल्या गतीस सोयीची ठेवीत. त्यामुळें अगदीं मंद चालींत थोडें नुकसान, अगदीं जलद चालींत थोडें नुकसान, आणि मधल्या चालींत समाधान. शर्यतीच्या मोटारींत वेळापत्रक जलद गतीस अनुकूल ठेवीत. मग त्या मोटारी उभ्या जागीं फुरफुरत व गर्दींत बंद पडत. घरगुती मोटारीस ही चैन परवडणारी नव्हती.

परंतु वेळापत्रक चालत्या यंत्रांत बदलतां येतें, ही गोष्ट आमच्याच रुळांवरून रोज जात-येत होती. पुणें-मिरज मार्ग मीटर गेजचा होता आणि त्यावर वाफेचीं एंजिनें धांवत, तेव्हां ड्रायव्हरच्या हातीं एक दांडा अथवा चाक असे. स्टेशनांतून गाडी हलवितांना तो दट्ट्याच्या धांवेच्या सुमारें तीन-चतुर्थांश भागापर्यंत वाफ आंत येऊं देई, कारण तेव्हां जोर हवा असे. गाडीनें वेग घेतला कीं तो दांडा मागें घेई. मग वाफ एक-चतुर्थांश धांवेपर्यंतच आंत येई, व उरलेलें काम ती आपल्या प्रसरणानें करी. कोळसा वांचे, पाणी वांचे. ही युक्ति स्टीफन्सनच्या कारखान्यांत १८४२ सालीं आणि बेल्जमांतील वाल्शार्ट याच्या हातून १८४४ सालीं आकारास आली. आदर्कीचा चढ चढणारा ड्रायव्हर आणि सपाटीवर धांवणारा ड्रायव्हर एकाच एंजिनास दोन निराळीं वेळापत्रकें लावीत असे. त्याच रुळांशेजारीं बनणारीं तेलाचीं एंजिनें मात्र एका वेळापत्रकावर सुखानें चाललीं होतीं, कारण त्यांस जागचें हलावयाचें नव्हतें.

वाफेच्या एंजिनांत जें माणसाच्या हातानें होई तें मोटारींत आपोआप घडविण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. मिनिटास हजारों फेरे घेणाऱ्या नाजूक यंत्रांत ड्रायव्हरनें दांडा ओढीत बसणें शक्य नव्हतें. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीनें १९८० सालीं आपल्या एका मोटारींत प्रथम ही सोय विक्रीस आणली. १९८९ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें निराळा मार्ग काढला. तिच्या व्हीटेक पद्धतींत मंद गतीसाठीं लहान फुगवट्याचा कॅम आणि जलद गतीसाठीं मोठ्या फुगवट्याचा कॅम शेजारीं शेजारीं असतात, आणि तेलाच्या दाबानें एक खिळा सरकून मोठ्या कॅमाकडे कारभार सोंपविला जातो. पुढें बीएमडब्ल्यू, टोयोटा इत्यादींनीं आपापल्या पद्धति आणल्या. आज आपल्याकडील मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या पेट्रोल मोटारींतून व्हीव्हीटी किंवा तत्सम अक्षरें दिसतात तीं याच सोयीचीं.

तेलाच्या दाबानें सरकणारी घटका

ही सोय प्रत्यक्ष कशी घडते, तें आतां पाहूं. कॅमशाफ्टच्या टोंकास जें दांत्यांचें चाक असतें व ज्यास सांखळी फिरविते, तें पूर्वीं त्या दांड्यास घट्ट बसविलेलें असे. नव्या योजनेंत तें चाक आणि दांडा यांमध्यें थोडें अंतर सोडलें आहे. स्वयंपाकघरांतील मिसळणाचा गोल डबा डोळ्यांपुढें आणावा. त्याच्या कडेपासून आंत आलेल्या तीन-चार भिंती त्याचे कप्पे पाडतात. हा डबा सांखळीबरोबर फिरतो. त्याच्या मधोमध एक फूल बसविलें आहे. प्रत्येक कप्प्यांत त्याची एक पाकळी. हें फूल कॅमशाफ्टास पक्कें जोडलेलें. पाकळी आपल्या कप्प्यांत थोडी पुढें-मागें हलूं शकते, आणि पाकळीच्या दोन्ही बाजूंस एंजिनांतलें ऑइल भरलेलें असतें.

पाकळीच्या एका बाजूस ऑइलचा दाब वाढविला कीं फूल डब्याच्या मानानें पुढें सरकतें. कॅमशाफ्टही पुढें सरकतो आणि झडप लवकर उघडून लवकर मिटते. दुसऱ्या बाजूस दाब वाढविला कीं सर्व कांहीं मागें सरकतें व झडप उशिरां उघडून उशिरां मिटते. सरकणें तें किती? मुख्य दांड्याच्या फेऱ्याचे ३६० अंश धरले तर सामान्यतः चाळीस-पन्नास अंश. एवढ्यानें एंजिनाचा स्वभाव पालटतो. या पद्धतींत झडप किती उंच उघडावी आणि किती वेळ उघडी राहावी हें बदलत नाहीं. सबंध कार्यक्रम तेवढा आधीं किंवा नंतर होतो. लग्नाचे विधि तेच, मुहूर्त मात्र पुढें-मागें.

ऑइल कोणत्या बाजूस जावें हें एक लहानशी विद्युत्-झडप ठरविते, आणि तिला आज्ञा देतो मोटारीचा संगणक. मुख्य दांडा कोठें आहे, कॅमशाफ्ट कोठें आहे, फेरे किती, पायाखालची कळ किती दाबलेली, एंजिन किती तापलेलें, ही खबर त्यास क्षणोक्षणीं पोंचते. मोटार उभी असतां तो दोन्ही झडपांची भेट टाळतो. कमी फेऱ्यांत चढावर जोर हवा असेल तेव्हां हवेची झडप लवकर मिटवितो, म्हणजे ओढलेली हवा परत जात नाहीं. फेरे वाढले कीं तीच उशिरां मिटवितो. सपाट रस्त्यावर संथपणें जातांना, म्हणजे ताकद नकोच असते तेव्हां, कांहीं एंजिनांत तो हवेची झडप मुद्दाम फार उशिरां मिटवितो. मग कमी हवा दाबावी लागते, श्वास ओढण्याचे कष्ट वांचतात, आणि पेट्रोल वांचतें. शिवाय थोडा जळका धूर मुद्दाम आंत राहूं दिला तर ज्वाला कमी तापते आणि नत्राचे विषारी वायु कमी होतात. १ एप्रिल २०२० पासून भारतांत नव्या मोटारींच्या धुरावर जीं कडक बंधनें आलीं तीं पाळण्यास ही युक्ति उपयोगी पडते.

एंजिन बंद असतां ऑइलला दाब नसतो. तेव्हां फूल डब्यांत सैल आपटूं नये म्हणून एक लहान खिळा त्यास मूळ जागीं अडकवून ठेवतो. मोटार चालूं झाली, ऑइलचा दाब चढला, कीं खिळा मागें सरतो आणि फूल मोकळें होतें. विहिरीवरच्या एंजिनाचा खटका गडी हातानें सोडी, येथें हा खिळा ऑइल सोडवितें.

दोष कोणाचा?

येथवर आल्यावर पुतण्याचा तो पहिला प्रश्न आपोआप स्पष्ट झाला. जुन्या एंजिनांत ऑइलचें काम वंगणाचें आणि थंडाव्याचें. नव्या एंजिनांत तें या दोहोंबरोबर एक तिसरें काम करतें. तें झडपांस वेळ दाखवितें. वंगण म्हणून काळें, जाड झालेलें ऑइल कांहीं दिवस निभावून नेईल; परंतु बारीक वाटांतून पळून पाकळ्या हलविणें त्यास जमणार नाहीं. त्या वाटांच्या तोंडाशीं घाण अडविण्यास केंसाहून थोड्याच मोठ्या छिद्रांची जाळी असते. ऑइलचा गाळ त्या जाळींत बसला कीं फूल जेथल्या तेथें अडकतें. मग वेळापत्रक एकच राहतें, आणि तेंही भलत्या वेळेचें. बाजारांत मोटार थरथरते, घाटांत तिचा दम तुटतो.

घरांतील कागदपत्रें धुंडाळलीं तेव्हां ऑइल बदलल्याची शेवटची पावती सांपडली. त्यानंतर मोटार एकोणीस हजार किलोमीटर फिरली होती. तिच्या पुस्तिकेंत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मर्यादा स्पष्ट छापलेली आहे. आमच्या थोरल्या बंधूंस वाटत होतें, धाकट्यानें बदललें असेल. धाकट्यास वाटत होतें, मुलांनीं बदललें असेल. मुलांस वाटत होतें, हीं कामें काका पाहतात. एकत्र कुटुंबाच्या पुण्याईचा वाटा सर्वांस मिळतो हें खरें. पण जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हा त्याच एकत्रपणाचा दोषही आम्हांस त्या रात्रीं कळून आला. पंधरा दिवसांपूर्वीं पहांटे मोटार चालूं करतांना क्षणभर खडखडाट होतो, असें घरांतील सुनेनें दोनदां सांगितलें होतें. ऑइलचा दाब चढेपर्यंत फूल डब्यांत आपटत होतें, त्याचाच तो आवाज. तो ऐकणारी एकटीच होती आणि तिचें म्हणणें आम्हीं मनावर घेतलें नाहीं, हेंही येथें नमूद करणें उचित आहे.

पुतण्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका जाणत्या कारागिराकडे गाडी नेली. ऑइल काढलें तें काजळासारखें काळें. जाळी गाळानें लिंपलेली होती. ती साफ केली, विद्युत्-झडप नवी बसविली, नेमून दिलेल्या प्रतीचें ऑइल घातलें. खर्च पूर्वीं सांगितलेल्या आंकड्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी झाला. एंजिन उघडावें लागलें नाहीं. प्रत्येक वेळीं इतक्या स्वस्तांत सुटका होईल असें मात्र नव्हे. फूल किंवा सांखळी झिजल्यावर खरोखरच मोठा खर्च येतो.

वाचकांस आमचें सांगणें थोडकें आहे. ज्या घरीं अशी मोटार असेल तेथें हिशोबाच्या वहींत तिचें एक पान असावें, आणि तें लिहिण्याची जबाबदारी नांव घेऊन एका व्यक्तीवर असावी. ऑइल पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच घालावें. अधिक जाड तें अधिक चांगलें, ही जुन्या एंजिनांच्या काळची समजूत येथें उपयोगाची नाहीं. गाडी थंड असतां खडखडणें, उभ्या जागीं थरथरणें, चढावर दम तुटणें, पिवळा दिवा लागणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास प्रथम ऑइलची पातळी व त्याचा रंग पाहावा, आणि मगच एंजिन उघडण्याच्या गोष्टीस मान डोलवावी. दसऱ्यास आपण मोटारीस झेंडूची माळ घालतों, हळदकुंकू वाहतों. ऑइल बदलण्यास तोच दिवस नेमला तर वर्षाची मर्यादा विसरली जाणार नाहीं. आमच्या घरीं गेल्या दसऱ्यापासून हा कुळाचार सुरू झाला असून वहीचें तें पान आतां सूनबाई लिहितात.

एक विचार अखेरीस मनांत येतो. जुन्या मिस्त्रीस झडपेचें अंतर पोलादी पट्टीनें मोजतां येई. ठोका ऐकून तो दोष सांगे. नव्या एंजिनाची खबर संगणकास विचारावी लागते. म्हणून ही विद्या सामान्य माणसाच्या हातांतून निसटली, असें पुष्कळ म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९४७ सालीं धोंडूमामा साठे यांनीं सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें, ज्यास १९५५ पासून वालचंद हें नांव आहे. तेव्हांपासून या दोन जिल्ह्यांतील किती तरी घरांतून यंत्र जाणणारीं माणसें निघालीं आहेत. त्यांच्यापैकीं एकास घरीं बोलावून, वाती वळणाऱ्या काकूंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनीं मिळून एक तास ऐकलें, तर एंजिनाचा श्वास कोणासही समजतो. आम्हांस तो समजला, आणि मार्गशीर्षांत त्याच मोटारीनें, तीच माणसें घेऊन, पसरणीचा घाट कोठेंही न थांबतां चढला.